बोटभर

ओस्त्रावात, बंद पडलेल्या खाणीच्या मागच्या गल्लीत
माझं माशांचं दुकान. तीन पायऱ्या खाली उतरायच्या.
थंडीत आत येणाऱ्याचा आधी चष्मा धुकतो,
मग गिऱ्हाईक बोलतं.

यार्मिला ट्राम चालवते, आठ नंबरची.
ड्यूटीच्या कोटातच आली,
मफलरने काचा पुसत म्हणाली, 'मला तो हवाय.'
तो म्हणजे लाल शेपटीचा कॅटफिश,
अ‍ॅमेझॉनचा, पांढऱ्या पोटाचा, लांब मिशांचा.
आत्ता पंजाएवढा.
काचेला नाक लावून तिच्याचकडे बघत होता.
भुकेला मासा कुणाकडेही प्रेमानेच बघतो.

'टाकी केवढी आहे?'
तिने दोन्ही हात पसरले,
मग घरातला सोफा आठवून थोडे जवळ आणले.
'लेओशने कपाट नेलं,' म्हणाली,
'भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय.
तिथे काहीतरी मोठं हवं.'

मी म्हटलं, तो विकायचा नाही.
रविवारी कुणीतरी दारात बादली ठेवून गेलं,
वर चिठ्ठी: याला कोळंबी आवडते.
बस, एवढंच. नाव नाही.

आणि मग तिला ओल्द्रिखचं सांगितलं,
जे मी सहसा सांगत नाही,
कारण ओल्द्रिखला तो मीच विकला होता,
चौऱ्याण्णव साली, बोटाएवढा, 'वाढतो हं थोडा' असं म्हणून.
त्याने आधी निऑन टेट्रा खाल्ले,
मग सोबतीला आणलेले,
मग थर्मामीटर.
मग तो बाथटबात राहू लागला
आणि अख्खं कुटुंब एक हिवाळा
बहिणीकडे अंघोळीला जात होतं.
प्राणिसंग्रहालयाने फोनवर विचारलं, 'अजून एक?'
शेवटी दोघांनी ओल्या ब्लँकेटात गुंडाळून
गालिचा आणावा तसा तो माझ्याकडे आणला.
मागच्या खोलीत बिअरचं जुनं पिंप होतं.
सहा वर्षं. वळता येत नव्हतं त्याला.
त्याच्या कण्याने पिंपाचा आकार पाठ केला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात.
माशाला कुठून कळणार अंथरूण?
ते आपण घालतो.

यार्मिला गप्प. हातमोजे काढले, परत घातले.
मी म्हटलं, वाका जरा. नाही, आणखी खाली.
ती फरशीवर गुडघ्यांवर बसली
सगळ्यात खालच्या, कुणी न बघणाऱ्या टाकीपुढे.
फुटक्या कुंडीचा तुकडा, थोडं शेवाळं.
'इथे काहीच नाही.'
थांबा.

कुंडीखालून बॅडिस निघाला,
बंगालकडच्या ओढ्यांतला, बोटभर, मातकट.
डोळे आधी फिरले, अंग मागाहून.
पाण्यात एक किडा वळवळत होता.
तो पुढे सरकला नाही, पुढे झाला,
जसा खाणीतला लिफ्टवाला दार लावायचा, आवाज न करता.
किडा नव्हता.
आणि तो निळा झाला.
सगळा. कडेला तांबड्या पट्ट्या,
पाठीवरचा पर उभा.

'हा... हा तोच?'
तोच. चिडला की असा, खूश झाला की असा,
मला अजून फरक कळत नाही.
'मला ओळखेल?'
माहीत नाही. कोरडं खाणं खाणार नाही, ते सांगतो.
जिवंत किडे लागतील, फ्रीजमध्ये डबा ठेवावा लागेल.
टाकी मात्र मोठीच घ्या, चौकोनाएवढी.
मासा लहान, पाणी फार. उरलेल्या पाण्यात तो काय करतो
ते बघायला खुर्ची लागेल.

ती हसली नाही. पैसे मोजले,
पिशवी कोटाच्या आत, स्वेटरला चिकटवून धरली,
बाहेर उणे बारा होतं.
पायऱ्यांवर थबकून म्हणाली,
'थर्मामीटर खरंच खाल्लं?'
खरंच.

दिवे मालवले. एक राहू दिला.
लाल शेपटीवाला काचेपाशी आला,
मी पट्टी लावली:
रविवारपेक्षा एक नख जास्त.
उद्या पुन्हा फोन करायचाय.
'अजून एक?' असं विचारतील.